पुढचा टाका कुणाला माहीत?

सुरतेत सहारा दरवाजाकडून कडोदऱ्याच्या दिशेने निघालेला रस्ता पर्वत पाटियाला पोचेपर्यंत पुरता कापडाच्या मालकीचा झालेला असतो. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो, पार्सलची पोती, दुकानांच्या पाट्या, आणि आतल्या गल्ल्यांत एम्ब्रॉयडरीची खाती. या भागातली मराठी घरं बहुतेक खानदेशातली. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापीच्या काठाकाठाने आलेली. घरातलं एक तरी माणूस लूमवर, मशीनवर नाहीतर मार्केटात असतं, आणि आता त्याच घरातलं एखादं पोर बीसीएला किंवा कुठल्याशा क्लासला पायथन शिकत असतं. ही पुस्तिका त्या पोरासाठी आहे. विषय एकच: लूप एखाद्या यादीवरून कसा चालतो.

एका ओळीच्या गोष्टीसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणीही विचारेल. फळ्यावर ‘फॉर’, मग एक नाव, मग ‘इन’, मग यादी, शेवटी कोलन आणि खाली जरा आत सरकवलेली ओळ, एवढं लिहून दिलं की वर्गापुरतं काम भागतं. मुलं उतरवून घेतात, प्रोग्राम चालतो, गुण पडतात. अडचण नंतर येते. यादीतला एखादा घटक गुपचूप वगळला जातो. एखादा लूप थांबायचं नावच घेत नाही. एखादा दुसऱ्यांदा चालवला की काहीच बोलत नाही, चूकसुद्धा दाखवत नाही. मग पोरगं त्या लूपच्या ओळीकडे टक लावून बसतं, आणि तिथे तर काहीच चुकलेलं नसतं. लूप हा तसा मठ्ठ प्राणी आहे. ‘पुढचं दे’ एवढंच त्याला म्हणता येतं. एक म्हणजे केवढं, पुढचं कुठलं आणि संपलं कधी, हे दुसऱ्याच कुणाला तरी ठाऊक असतं. तो दुसरा कोण, हे दर वेळी विचारायची सवय लागावी म्हणून हा खटाटोप.

सुरतेत हे दाखवायला फळासुद्धा लागत नाही. एम्ब्रॉयडरीच्या खात्यात डिझाइन येतं ते पेनड्राइव्हवर. कॉम्प्युटरवर बसून फुला-वेलींचे टाके बसवणाऱ्याच्या कामाला इथे आजही पंचिंगच म्हणतात, जरी भोकं पाडायचा काळ मागे पडला असला तरी. त्याने बनवलेली फाइल पुष्कळदा डीएसटी प्रकारची असते. ताजिमा या जपानी कंपनीच्या मशीनांसाठी हा प्रकार निघाला आणि पुढे सगळ्यांनीच उचलला. ही फाइल उघडून बघण्यासारखी आहे. सुरुवातीला ५१२ बाइटांचं शीर्षक: डिझाइनचं नाव, टाक्यांची संख्या, रंग किती वेळा बदलायचा, पसारा किती. त्यानंतर थेट टाके. एक टाका म्हणजे तीन बाइट, आणि त्या तीन बाइटांत आडवं किती सरकायचं, उभं किती सरकायचं हे १, ३, ९, २७ आणि ८१ अशा वजनांनी भरलेलं. वजनं अधिकही होतात, वजाही. पाचही एका बाजूला टाकली तर १२१, आणि एकक आहे मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे एका नोंदीत १२.१ मिलिमीटरच्या पलीकडे जाता येत नाही. लांब जायचं असेल तर उड्यांच्या दोन-चार नोंदी ओळीने लिहाव्या लागतात.

मशीन चालू केलं की ते पहिली नोंद घेतं. सुई आपल्या जागी फक्त वरखाली होते. सरकते ती कापड ताणून धरलेली फ्रेम. ओळीतली सगळी हेड त्याच एका नोंदीवर एकदम टोचतात. मग दुसरी नोंद, मग तिसरी. आणि कुठल्याही नोंदीत ‘कापडावर अमुक जागी टोच’ असं लिहिलेलं नसतं. ‘आत्ता आहेस तिथून एवढं उजवीकडे, एवढं वर’ इतकंच असतं. त्यामुळे मधली एक नोंद गळाली तर बिघाड त्या एका टाक्यापुरता राहत नाही, तिथून पुढचं सगळं फूल तेवढ्याने बाजूला सरकतं. क्रमाने जायचं म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छ रीतीने सांगणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

संपलं कधी, हे या फाइलीत दोन ठिकाणी सांगितलेलं असतं. शीर्षकात टाक्यांचा आकडा असतो, आणि मजुरीचा भाव हजार टाक्यांवर ठरत असल्याने मालकाचं आणि पार्टीचं लक्ष आधी त्या आकड्यावर जातं. फाइलच्या शेवटी एक वेगळीच नोंद असते, तीन बाइटांचीच, शून्य, शून्य आणि षोडशमानातला एफ-तीन, जिचा अर्थ टाका नव्हे, ‘आता बस’ असा आहे. आधीच मोजून ठेवायचं, की शेवटी खूण ठेवायची? प्रोग्रामिंगमधली किती तरी भांडणं या दोन रीतींमधली आहेत. सी भाषेतला मजकूर शेवटच्या शून्यावर थांबतो. ते शून्य ठेवायचं राहिलं तर वाचणारा लूप शेजारच्याच्या मेमरीत घुसतो, आणि संगणकाच्या सुरक्षेतली कितीएक भगदाडं याच वाटेने पडली. नुसता आकडा ठेवावा तर तोही खोटा पडू शकतो: माल बदलला आणि आकडा तोच राहिला, की संपलं.

खात्यातली आणखी एक गोष्ट पुढे कामाला येणार आहे. धागा तुटला की मशीन आपोआप थांबतं. ऑपरेटर धागा ओवतो, पॅनेलवरून डिझाइन काही टाके मागे घेतो आणि तिथून परत सुरू करतो, म्हणजे मधे रिकामी जागा राहत नाही. मागे जाता येतं, कारण अख्खं डिझाइन मशीनच्या पोटात आहे आणि आपण कितव्या टाक्यावर आहोत हे मशीन वेगळं लिहून ठेवतं. यादी एक वस्तू, यादीत आपण कुठे आहोत ही दुसरी. तेच डिझाइन शेजारच्या मशीनवरही चालू असेल, आणि ते भलत्याच टाक्यावर असेल.

हे सगळं कापडातूनच संगणकात गेलं आहे, उलटं नव्हे. १७२५ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात बाझिल बूशों याने मागावर नक्षी विणण्यासाठी भोकं पाडलेल्या कागदाची लांब पट्टी वापरली. तीन वर्षांनी त्याचा सहकारी फाल्कों याने पट्टीऐवजी एकमेकांना ओवलेली पुठ्ठ्याची कार्डं आणली. हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. पट्टी कुठे फाटली तर सगळीच गेली. कार्ड खराब झालं तर तेवढं एक बदला. ‘एक’ म्हणजे केवढं, हे प्रथमच ठरलं: एक कार्ड, एक आडवा धागा. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्ड याने ही व्यवस्था कारखान्यात टिकेल अशी बनवली, आणि त्याचंच नाव सुरतेच्या जॅकार्ड मागांवर अजून नांदतं आहे. कार्डांच्या माळेची दोन्ही टोकं एकमेकांना शिवली की माळ फिरत राहते, आणि शेवटच्या कार्डानंतर पुन्हा पहिलं येतं. साडीच्या काठावर तीच कोयरी पुन्हा पुन्हा उमटते ती त्यामुळे. १८३९ मध्ये ल्योंमध्ये जॅकार्डचंच रेशमी चित्र विणलं, त्याला २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि पाहुण्यांना तो ती मोठ्या हौसेने दाखवी.

बॅबेजने आपल्या कल्पनेतल्या गणनयंत्रासाठी कार्डं मागावरूनच उचलली. मात्र त्याला गोल फिरणारी माळ पुरेना. ठरावीक कार्डं ठरावीक वेळा परत वापरायची सोय हवी होती. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्रावर ज्या टिपा लिहिल्या, त्यांत कार्डं मागे फिरवून तोच गट हवा तितक्या वेळा चालवण्याची युक्ती समजावलेली आहे. धागा तुटल्यावर आपला ऑपरेटर डिझाइन मागे घेतो, तीच हालचाल. फरक इतकाच की तिच्या यंत्रात ती चूक सुधारण्यासाठी नाही, काम करण्यासाठी होती. ते यंत्र त्या दोघांच्या हयातीत उभं राहिलं नाही.

मधली शंभर वर्षं ओलांडून फोर्ट्रानवर येऊ. १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि आयबीएममधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी ही भाषा दिली, आणि तिच्यातला ‘डू’ लूप आकड्यांवर चालत असे: इथून सुरू कर, इथपर्यंत जा, एवढ्या पायऱ्यांनी. मोजणं प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या गळ्यात. सी भाषेने तीच रीत तीन तुकड्यांत मांडली आणि आमच्या पिढीने आयला शून्य करून, एनपेक्षा कमी असेपर्यंत, एकेक वाढवत अर्धं आयुष्य काढलं. एकाने कमी किंवा एकाने जास्त ही चूक या रीतीची सख्खी बहीण. शून्यापासून का मोजायचं आणि शेवटचा आकडा बाहेर का ठेवायचा, यावर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९८२ मध्ये तीन पानांचं छोटं टिपण लिहिलं. त्यातला मुद्दा व्यवहारी आहे: वरच्या हद्दीतून खालची वजा केली की घटकांची संख्या मिळते, आणि काहीच नसलेला क्रम लिहायला वाकडी वाट करावी लागत नाही. पायथनचा ‘रेंज’ १ ते ५ सांगितल्यावर चारच आकडे का देतो, याचं उत्तर त्या टिपणात सापडतं. मुलांना तो पायथनचा आगाऊपणा वाटतो, तो नाही.

खरा बदल झाला तो मोजणी लिहिणाऱ्याच्या हातातून काढून यादीच्या हातात दिली तेव्हा. १९७० च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या गटाने सीएलयू नावाची भाषा केली. तिच्यात संग्रहानेच आपला एकेक घटक पुढे करावा, अशी सोय होती. ॲमस्टरडॅममधल्या एबीसी भाषेच्या अनुभवावर खिडो फान रॉसम याने १९९१ मध्ये पायथन बाहेर आणली, तिच्यात ‘फॉर’ला आकडे मोजताच येत नाहीत, त्याला काही तरी यादी द्यावीच लागते. सुरुवातीला आतली तऱ्हा गावठी होती: शून्यावर काय आहे, एकवर काय आहे, असं विचारत जायचं आणि ‘इतका मोठा क्रमांक नाही’ अशी चूक आली की थांबायचं. २००१ च्या अखेरीस आलेल्या २.२ या आवृत्तीपासून ठरलेला करार आला. लूप यादीकडे आधी एक ‘इटरेटर’ मागतो. इटरेटर म्हणजे आपण कुठवर आलो हे लक्षात ठेवणारा. मग त्याला ‘नेक्स्ट’ म्हणत राहायचं. देण्यासारखं उरलं नाही की तो ‘स्टॉप इटरेशन’ म्हणतो, आणि लूप ते ऐकून मुकाट्याने बाहेर पडतो. डीएसटीच्या शेवटच्या नोंदीचंच हे भावंड. पुढे जावा (२००४) आणि सी-प्लस-प्लस (२०११) यांनीही सरळ यादीवरून चालणारा ‘फॉर’ घेतला.

हा करार कळला की मघाच्या गूढ गोष्टी उलगडतात. यादीवरून चालता चालता तिच्यातलाच घटक काढला तर पुढचा एक का सुटतो? पर्वत पाटियाच्या कित्येक घरांत बायका धागे कापायला साड्या आणतात, त्या गठ्ठ्यावर हे पाहू. समजा, साड्या ओळीने मांडल्या आहेत आणि एका बाईने साडीकडे न बघता फक्त आकडा धरला आहे: तिसरी झाली, आता चौथी. तेवढ्यात कुणी तिसरी उचलून नेली आणि बाकीच्या पुढे सरकवल्या. चौथी आता तिसऱ्या जागी आली. ती चौथ्या जागेला हात घालते आणि पाचवी उचलते. मधली तशीच राहिली, आणि कुणाची तक्रार नाही. पायथनच्या यादीचा इटरेटर नेमकं असंच वागतो: क्रमांक धरतो आणि दर फेऱ्याला ‘अजून यादी एवढी लांब आहे का’ एवढंच तपासतो. म्हणूनच त्याच यादीत शेवटी भर टाकत राहिलात तर लूप संपत नाही; शेवट पुढे पळत राहतो. डिक्शनरी जरा कडक असते. मधेच तिचा आकार बदलला तर ती पुढचं मागताच सरळ चूक दाखवते. मला डिक्शनरीचा स्वभाव आवडतो.

दुसऱ्यांदा गप्प बसणाऱ्या लूपचंही हेच. यादीला दर वेळी नवा इटरेटर मिळतो, त्यामुळे लूपच्या आत तोच लूप लावला तरी दोघं आपापल्या जागी राहतात. ‘मॅप’, ‘झिप’ किंवा जनरेटर मात्र स्वतःच इटरेटर आहेत, एकदा सगळं देऊन झालं की झालं. मागे घ्यायला पोटात डिझाइन नाही.

आता ज्या उदाहरणासाठी मी ही पुस्तिका मराठीतच लिहायचा हट्ट धरला, ते. ‘पर्वत’ या शब्दावरून लूप चालवा आणि दर फेऱ्याला मिळेल ते छापा. तुमच्या धाकट्या बहिणीला विचारलंत तर ती सांगेल तीन अक्षरं: प, र्व, त. पायथन पाच ओळी छापतो: प, र, एकटा हलन्त, व, त. तो हलन्त बिचारा आधाराला काही नाही म्हणून ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला दिसतो. ‘पाटिया’च्या सहा ओळी होतात, प, काना, ट, वेलांटी, य, काना. वेलांटी कागदावर टच्या आधी लिहितो, पण साठवलेली असते टच्या नंतर, कारण युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संहितेवरून घेतली आणि तिच्यात क्रम उच्चाराचा आहे, लिहिण्याचा नाही. ‘पर्वत’ उलटा करा, ‘तव्रप’ मिळतो. रफार गेला आणि रकार आला. ‘पाटिया’ उलटा केलात तर आरंभीच अनाथ काना उभा राहतो.

गो भाषेत ‘पर्वत’ हा शब्द दिला तर लांबी १५ सांगते, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-आठमध्ये तीन बाइटांचं. पण तिच्या ‘रेंज’ने फिरलात तर फेरे पाचच होतात, आणि क्रमांक ०, ३, ६, ९, १२ अशा उड्या मारतात. सी भाषेत बाइट-बाइट चाललात तर पंधरा फेरे, आणि एकाही फेऱ्यात वाचता येईल असं काही हाती लागत नाही. स्विफ्ट ही भाषा माणसाला दिसणारं अक्षर हेच ‘एक’ मानते. पण माणसाला काय दिसतं याचे नियम युनिकोडचे, आणि जुन्या नियमांत ‘र्’ आणि ‘व’ वेगळे पडत. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या नियमांनी चार, नव्यांनी तीन. तुमच्या बहिणीचं उत्तर बरोबर ठरायला २०२३ उजाडावं लागलं.

इंग्रजी पुस्तकांत हे उदाहरण भेटत नाही, कारण तिथल्या साध्या शब्दांत सगळी उत्तरं जुळतात: जितकी अक्षरं दिसतात तितके फेरे, तितकेच बाइट. म्हणून इंग्रजीतून शिकलेल्याला वाटतं की ‘एक’ म्हणजे केवढं हे ठरलेलंच असतं. नावं, पत्ते, मतदारयाद्या, रेशनकार्डं ज्यांना देवनागरीत किंवा गुजरातीत हाताळायची आहेत त्यांना असा भोळेपणा परवडणारा नाही. वीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात नाव अर्ध्या जोडाक्षरावर तुटलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. तिथे कुणी तरी चुकीचं ‘एक’ मोजलेलं असतं.

पुस्तिकेविषयी दोन शब्द. उदाहरणांत चलांची नावं देवनागरीत दिली आहेत; पायथनने २००८ च्या ३.० आवृत्तीपासून ते चालवून घेतलं आहे. ‘फॉर’ आणि ‘इन’ मात्र इंग्रजीच राहतात, त्याला इलाज नाही. प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. खात्यात काम करणाऱ्याने डीएसटी फाइल वाचायचं प्रकरण आधी घेतलं तरी चालेल, कदाचित तेच बरं. तिथला प्रोग्राम शीर्षक ओलांडून तीन-तीन बाइट उचलतो, टाके मोजतो आणि शीर्षकातल्या आकड्याशी ताडून बघतो. उड्यांच्या नोंदी धरायच्या की सोडायच्या यावर दोन्ही आकडे कधी जुळतील, कधी जुळणार नाहीत, आणि भाव हजारावर असल्याने त्या फरकाला किंमत आहे.

पहिलं प्रकरण रिकाम्या यादीचं आहे. शिक्षकमित्रांना हे विचित्र वाटलं. आधी भरलेली यादी दाखवा, रिकामी अपवाद म्हणून नंतर, असं त्यांचं म्हणणं. मी बधलो नाही. फोर्ट्रानच्या सुरुवातीच्या बऱ्याच कंपायलरांत लूप तपासणी शेवटी करत असे, त्यामुळे काहीच काम नसलं तरी आतला मजकूर एकदा चालायचाच. फोर्ट्रान ७७ ने ते दुरुस्त केलं. आज मार्केटला सुट्टी असेल आणि ऑर्डरींची यादी रिकामी असेल, तर बिलं छापणाऱ्या लूपने एकही बिल छापू नये. पायथनमध्ये रिकाम्या यादीचा इटरेटर पहिल्याच ‘नेक्स्ट’ला ‘स्टॉप इटरेशन’ म्हणतो आणि आतली ओळ एकदाही चालत नाही. पण बेरजेला त्या यादीच्या लांबीने भागून सरासरी काढणारी खालची ओळ शून्याने भागते आणि कोसळते. पान एकवर तोच प्रोग्राम आहे. आधी चालवून बघा, मग वाचा.